मागच्या सीटवर बसून बघा

गाडी घ्यायला गेलेला माणूस पुढे बसतो. स्टिअरिंग धरतो, आरसा हलवून बघतो, एसी लावतो, गाणं लावतो, आणि एक चक्कर मारून आला की "मस्त आहे" म्हणून मोकळा होतो. मागे बसून कोणी बघत नाही. मागे बसणार असते आई, सासू, पोरंटोरं; त्यांना कोण विचारतो? मी अडतीस वर्षं रत्नागिरीत गाड्यांचे पाटे, स्प्रिंगा आणि शॉकअप एवढंच काम केलं, इंजिनाला हात लावला नाही. इतक्या वर्षांत "जरा मागे बसून बघतो" असं म्हणणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नाही. आणि मीही काही वेगळा नव्हतो. ते कसं, ते सांगायला म्हणून लिहायला बसलोय.

कुवारबावला माझं शेड होतं. लोक मला दिनू मिस्त्री म्हणत. गेल्या वर्षी माझ्या दोन्ही गुडघ्यांनी एकदम राजीनामा दिला, म्हणून शेड बंद केलं. नाहीतर गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. आमच्या धंद्याला रस्त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. देवाची कृपा, आणि ठेकेदारांची त्याहून जास्त.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चाक आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते. ट्रकला, पिकपला मागे स्प्रिंगच्या जागी पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले. काम दोघांचं एकच: चाक खड्ड्यात गेलं तरी माणसानं जाऊ नये. पण स्प्रिंगला एक खोड असते. एकदा दाबली की ती उसळते, परत दबते, परत उसळते, थांबायचं नाव नाही. तिला आवरायला शेजारी शॉकअप बसवलेला असतो. त्याच्या नळीत तेल असतं, तेलातून दांडा वरखाली होतो, आणि तेल त्याला घाई करू देत नाही. थोडक्यात, स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप तिला आवरतो. दोघांचं पटलं तर संसार सुखाचा.

आता हे पटणं म्हणजे काय, ते मला एका बागायतदारांनी शिकवलं. नाव सांगत नाही, कारण गृहस्थ अजून ठणठणीत आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. एका चैत्रात पिकप घेऊन आले. म्हणाले, "दिनू, पेटीतला आंबा दबतो रे. मुंबईला पोचेपर्यंत फळाला डाग पडतो. गाडी मऊ कर."

मी मागचे दोन-दोन पाटे काढले. आंबा पाळण्यातून गेल्यासारखा गेला. गृहस्थ इतके खूश, की सगळ्या बागायतदारांना सांगत सुटले, "गाडी करून घ्यायची तर दिनूकडे." पाऊस संपला आणि त्यांनी घराच्या गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या भिंतीसाठी, त्याच गाडीत जांभ्याचे चिरे भरले, काठोकाठ. गाडी हातखंब्याच्या चढावर मागच्या पायांवर बसली ती उठेचना. मला फोन आला, "दिनू, तुझ्या गाडीला काय झालं ते येऊन बघ!"

आंबा जात होता तोवर गाडी त्यांची होती. बसली तेव्हा माझी झाली.

मी म्हटलं, "अहो, आंब्याची गाडी वेगळी आणि चिऱ्याची वेगळी."

"मग काय दोन गाड्या घेऊ? काढलेले पाटे ठेवलेयस ना? घाल परत."

तेव्हापासून दरवर्षी चैत्रात पाटे काढायचे आणि दसऱ्याला घालायचे. शेडमध्ये एका फळीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ते ठेवलेले असत. ऋतूप्रमाणे कपडे बदलणारी ती एकच गाडी मी पाहिली.

दुसरे एक बँकेतले साहेब, साताऱ्याकडून बदली होऊन आलेले. त्यांच्या गाडीत मागून टक्-टक् आवाज. तीनदा आले, तिन्ही वेळा मी काही ना काही बदललं, आवाज तसाच. चौथ्यांदा मी डिकीतलं सामान बाहेर काढलं तर स्टेपनीच्या खाचेत एक नारळ. कुणीतरी प्रेमानं दिलेला, तेव्हापासून बिचारा गडगडत होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांध्यातले रबरी बुश तसेही गेलेच होते." ते खरंच गेले होते, पण साहेबांचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता.

असो. आता मूळ गोष्टीवर येतो.

राजीवड्याचा युसुफ माझा शाळेपासूनचा दोस्त. मच्छीमारी लाँचवर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. त्याची बायको झुबेदाभाभी आणि मुलगा इरफान. इरफान कुवेतला असतो, वर्षा-दीड वर्षानं दोन महिन्यांची सुट्टी घेऊन येतो. मागच्या खेपेला त्यानं पांढरी छोटी गाडी घेतली, आणि आठवडाभरात ती माझ्या शेडसमोर उभी. डिकीत ऑनलाइन मागवलेल्या चार लालभडक स्प्रिंगा.

"काका, गाडी दीड इंच खाली घ्यायचीय."

"कशाला? वर काय थंडी वाजते तिला?"

"दिसते भारी. आणि वळणावर धरून चालते."

दोन्ही खरं आहे, मी नाकारत नाही. खाली घेतलेली गाडी दिसते दमदार आणि वळणावर झुकत नाही. पण त्यातली गोम मी त्याला समजावली. आखूड स्प्रिंग कडक करावीच लागते, कारण दबायला जागा कमी. मऊ ठेवली तर जरा खड्डा आला की शेवटचा दणका झेलायला खाली रबर बसवलेलं असतं, त्यावर गाडी आपटेल. आणि मूळचे लांब शॉकअप तसेच ठेवले तर गाडी उभी असतानाच त्यांचा दांडा अर्धा आत गेलेला असतो. बारीकसा खड्डा आला तरी तो तळाला जाऊन ठोकतो. शिवाय कडक स्प्रिंग उसळते जोरात, आणि जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. म्हणजे खड्डा एक, मार दोन. म्हटलं, "घ्यायचीच असेल खाली तर शॉकअपपण त्याच मापाचे आण. नुसत्या स्प्रिंगा मी घालणार नाही."

"शॉकअप पुढच्या सुट्टीत बघू काका."

"मग स्प्रिंगापण पुढच्या सुट्टीत."

इरफान हसला. पोरगा गोड आहे, पण तोंडाला लगाम नाही. म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. कोल्हापूरला एकजण करतो, नवीन गाड्यांचं त्याला चांगलं कळतं."

झालं! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मला जमत नाही? मी चिऱ्याच्या ट्रकचे पाटे एकट्यानं उतरवलेला माणूस! म्हटलं, "ठेव गाडी." संध्याकाळपर्यंत चारही स्प्रिंगा बसवल्या. खालची रबरं मध्ये येत होती, ती अर्धी कापून टाकली. अलायमेंट केली. मारुती मंदिरापर्यंत चक्कर मारली, तो चालवतोय आणि मी शेजारी. रस्ता गुळगुळीत, गाडी रुळावरून चालल्यासारखी. इरफान म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." आणि मी फुगलो. जे करू नये म्हणून अर्धा तास व्याख्यान दिलं, तेच करून फुगलो. माणूस किती बावळट असावा, त्याला काही माप नाही.

महिनाभरानं इरफान भेटला तेव्हा तोंड पडलेलं. विचारलं, काय झालं? म्हणाला, "आई बोलत नाही माझ्याशी. गाडीत बसवलं की तोंड मिटून बसते. आता तर बसतच नाही, कुठं जाऊया म्हटलं की नको म्हणते. तिनं बघितलेल्या मुलीला मी नाही म्हटलं ना, तो राग आहे."

"जाईल राग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दोन-तीन दिवसांनी मी एसटी स्टँडवर गेलो होतो, चिपळूणच्या गाडीची वेळ विचारायला. बघतो तर फलाटावर झुबेदाभाभी उभ्या, हातात पिशवी, कमरेला तो पट्टा. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून त्यांचा पाठीचा मणका दबला होता, तेव्हापासून बाहेर पडल्या की पट्टा लावतात.

"भाभी, तुम्ही इथं? इरफान कुठाय?"

"घरी हाय, निजलाय."

"आणि तुम्ही एसटीनं?"

"पालीला जातंय, मरियमकडं."

मरियमखाला म्हणजे त्यांची थोरली बहीण, इरफानची मावशी. म्हटलं, "अहो, दारात गाडी असून एसटीनं कशाला?"

भाभींनी इकडंतिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिनू, एसटी उडवते, पण परत अलगद ठेवते. ती गाडी उडवत नाय, खालनं मारते. दोनदा गेलंय तिच्यातनं. दुसऱ्या टायमाला उतरताना पाय उचलेना. दात आवळून बसलंय तेव्हा पालीपासनं इथवर आलंय."

मी म्हटलं, "मग इरफानला सांगा की."

"काय सांगू? दोन वरसं त्या उन्हात राबून गाडी घेतलीन. आणलान तेव्हा सगळ्या राजीवड्यात मना फिरवलान. पोराच्या त्या गाडीला मी नावं ठेवू?"

आणि मग खरं काय ते बाहेर आलं. मरियमखाला वर्षभर अंथरुणावर होत्या. मुलगा-सून मुंबईला, शेजारीण दोन वेळा डोकावून जायची. दोघी बहिणींचं ठरलं होतं, की इरफाननं गाडी घेतली की खालाला कायमचं राजीवड्याला आणायचं. उरलेले दिवस एकत्र काढायचे. अँब्युलन्सचं नाव काढलं की खाला म्हणायच्या, "त्या गाडीतनं गेलेलं कोण परत आलंय?" गाडी आली, पण आता तिच्यात खालाला घालायची भाभींची छाती होईना. "माझा एक मणका गेलाय, तिची तर नुसती हाडं उरलीत. ती वाटेतच मोडेल." इरफानच्या सुट्टीचे अकरा दिवस राहिले होते. तो गेला की घरात गाडी चालवणारं कोणी नाही, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत खाला थांबतील याचा भरवसा नाही.

"मग आज कशाला जाताय?"

"तिला सांगायला. पोराला सवड नाय, पुढल्या टायमाला नेतंय म्हणून."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी तूच खाली केलीस ना?"

"हो."

"बरी दिसते," त्या म्हणाल्या.

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर म्हणाल्या, "इरफानला बोलू नको हां. शब्द दे." मी दिला. गाडी लागली. दांड्याला धरून, पहिल्या पायरीवर एकदा थांबून, त्या वर चढल्या.

घरी आलो तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. ड्रायव्हर बसतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, मागचं गेलं, तरी त्याला मार निम्मा लागतो. मागच्या सीटवरचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो. त्याच्या पाठीत आणि खड्ड्यात मध्ये असते ती फक्त स्प्रिंग, शॉकअप आणि ते रबर. त्यातली स्प्रिंग मी कडक केली होती, शॉकअपला तळाला बसवलं होतं, आणि रबर कापून भंगारात टाकलं होतं. अडतीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चक्कर मारताना मी पुढे बसलो.

शब्द दिला होता, तो मोडायचा नव्हता. सकाळी इरफानला फोन केला, "नवीन स्प्रिंगा महिनाभरानं तपासाव्या लागतात, गाडी घेऊन ये." साफ थाप. तो आला. मी किल्ली घेतली आणि म्हटलं, "तू मागे बस. डाव्या बाजूला."

"मागे कशाला?"

"आवाज ऐकायला. माझे कान आता कामातून गेलेत."

पालीच्या रस्त्याला गाडी घातली. तिकडं तेव्हा निम्मा रस्ता काँक्रीटचा आणि निम्मा डायव्हर्जनचा होता. काँक्रीटवर तो मजेत मोबाइल बघत होता. हातखंब्याला डायव्हर्जन लागलं आणि मी काही वेग कमी केला नाही, तो जसा चालवतो तसाच चालवला. पहिल्या खड्ड्याला मोबाइल खाली पडला. दुसऱ्याला तो "ओ काका!" म्हणून ओरडला. तिसऱ्याला डोकं वर आपटलं. मग त्यानं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली.

पालीच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली.

"आई इथं बसते," इरफान म्हणाला.

"हां."

"तुम्हाला काही बोलली का ती?"

"मी शब्द दिलाय."

यावर आणखी काय सांगायचं राहिलं? तो खाली उतरला, गाडीला एक फेरी घातली, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"मी पोरगा आहे काका, मला अक्कल नाही. तुम्हाला सगळं कळत होतं, तुम्हीच मला सांगितलंत. मग बसवलंत कशाला?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." कुठल्याही गिऱ्हाइकाला हे दोन शब्द मी कधी म्हटलेले नव्हते, त्या बँकेच्या साहेबांनासुद्धा नाही.

इरफानच्या मूळच्या स्प्रिंगा शेडमध्ये खुंटीला होत्या. पण जुन्या शॉकअपनी महिनाभर ठोकून घेऊन तेल सोडलं होतं, आणि मी तर रबरंही कापलेली. नवे शॉकअप आणि रबरं कोल्हापूरहून यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत दुकानदाराला मी इतके फोन केले, की शेवटी तो म्हणाला, "मिस्त्री, मीच येऊन बसू का गाडीखाली?" सामान आलं त्याच दिवशी सगळं बसवलं, आणि मग इरफानला चालवायला सांगून मी स्वतः मागे बसलो. हातखंब्याच्या डायव्हर्जनवर डोळे मिटले. गाडी खड्ड्यात उतरायची, आणि एकदाच वर येऊन शांत व्हायची. तरी मागच्या टायरची हवा मला जरा जास्त वाटली, ती थोडी कमी केली. मग परत एक चक्कर.

इरफाननं आईला एवढंच सांगितलं, "त्या स्प्रिंगा खराब निघाल्या, काकांनी बदलल्या. खालाला आणायला कधी जाऊया?" भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी हात वर केले, मी काही बोललो नाही म्हणून. तिघांनाही सगळं ठाऊक, आणि तिघांनीही विषय काढला नाही. असल्या बाबतीत आम्ही कोकणी माणसं हुशार.

शुक्रवारची नमाज झाल्यावर निघालो. मी पुढे इरफानशेजारी. वाटेत काही झालं तर हत्यारं जवळ असावीत म्हणून मला घेतलं होतं. पालीला इरफाननं खालाला दोन्ही हातांवर उचलून आणलं, उशा लावून मागे भाभींशेजारी बसवलं. खालांनी खिडकीवरची कडी घट्ट पकडली होती. हातखंबा येईपर्यंत ती सोडलीही.

आणि मग दोघी जे बोलायला लागल्या! कुणाची सून कशी, कुणाचे दात गेले, बांगडा हल्ली किती बारीक येतो. खालांना ऐकायला कमी, त्यामुळे भाभी सगळं मोठ्यानं सांगत होत्या. पुढे आम्ही दोघं आहोत हे त्या कुवारबावच्या आधीच विसरल्या.

"आणि ह्याचं लग्न?" खालांनी विचारलं.

"नको बोलतो."

"म्हणून तू त्याच्याशी बोलत नायस?"

"तसं नाय गो," भाभी म्हणाल्या. "तो आला की पयले आठ दिस बरे जातात. मग मना त्याच्या जायच्या दिवसाची भीती वाटते. जास्त बोललं, जवळ घेतलं, की जाताना सोडवत नाय. मागल्या टायमाला गेला तर त्याची उशी मी पंधरा दिस धुतली नाय. म्हणून आता आधीपासनंच जरा लांब ऱ्हातंय."

"काय बोललीस?" खाला म्हणाल्या.

भाभींनी ते सगळं परत सांगितलं, आणखी मोठ्यानं.

इरफान समोर बघून चालवत होता. काटा साठवरून चाळिसावर आला, मग तिसावर. मी हळूच म्हटलं, "रस्ता मोकळा आहे रे."

"असू दे काका."

घराकडं जाणारं राजीवड्याचं वळण आलं. त्यानं इंडिकेटर दिला, मग काढला, आणि गाडी सरळ भाट्याच्या पुलावर घातली. मागे दोघींना पत्ताही नव्हता. पुलावर वारा होता आणि त्यांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी माझ्या बाजूची काच वर घेतली.